हातचा एक

एका पानात परिचय लिहून दे, कुलसचिव म्हणाले,
मोठं पान घे, असं काही म्हणाले नाहीत.

तर, स्थापना: रेल्वेनंतर चार वर्षांनी,
गव्हाच्या पहिल्या कोठाराच्या आधी दोन.
इमारती सात. त्यांतली एक बंद,
दारावर ‘तात्पुरती’ असा कागद.
तो तीनदा उन्हानं विटला,
तीनदा मीच नवा लावला.
वारा कायम पश्चिमेचा.
झाडं त्याच्याशी वाद घालत नाहीत, पूर्वेकडे कलून उभी राहतात,
नव्या मुलांना दिशा सांगायला बरी पडतात.

इथवर ठीक. पुढे काय लिहू?
उणे तीसच्या सकाळी
वाफेच्या नळांच्या बोगद्यातून
मुलं पायजम्यातच वर्गात येतात,
आणि आठच्या गणिताला अख्ख्या खोलीला
ओल्या लोकरीचा नि गंजाचा वास येतो, हे?

की जोलीन लावेर्ड्यूर आणि तिची आई
एकाच वर्गात नर्सिंग शिकतात,
आई पहिल्या बाकावर, मुलगी मुद्दाम शेवटच्या;
आणि नस शोधायच्या तासाला दोघींची जोडी लागली तेव्हा
जोलीनची सुई हातातच राहिली,
आईच म्हणाली, टोच गं, मला वर्गात उशीर नको?

जर्मन विभाग बंद झाला.
शेवटचा विद्यार्थी गावातच राहिला, टायर बदलतो,
कुत्र्याला अजून जर्मनमध्ये हाक मारतो.
कुत्रा येतो.

रोडिओचा संघ आहे: चार मुलं, एक ट्रेलर,
आणि कुणाचा ना कुणाचा हात प्लास्टरात.
ग्रंथालयाच्या जिन्याखाली एक फळी आहे,
घेवड्याचे डबे, साबण, मोजे. ‘लागेल ते न्या.’
कोण काय नेतं ते कॅमेऱ्याला दिसत नाही,
कारण मी तो भिंतीकडे वळवलाय.
(हे परिचयात नको.)

विद्यार्थिसंख्या.
त्या सप्टेंबरात सगळं इथंच अडलं होतं.
राजधानीहून पत्र आलं: नऊशेच्या खाली गेलात तर.
पुढचं वाक्य इतकं सभ्य होतं
की दोनदा वाचल्यावर घाम फुटला.
मी बेरीज केली. पुन्हा केली. खालून वर केली.
आठशे नव्याण्णव.

आणि मग आठवलं, हातचा राहिलाय.

हातचा एक खोली एकशे बारामध्ये, तिसऱ्या रांगेत बसला होता.
ऑर्व्हिल टॅगस्टॅड, वय एक्क्याऐंशी, रेल्वेतला निवृत्त ब्रेकमन.
अकरा वर्षं भूगर्भशास्त्राच्या तासाला येतोय,
फी नाही, नाव नाही,
खिशात रुमालात गुंडाळलेलं उकडलेलं अंडं,
हॅलस्ट्रॉमबाईंच्या विनोदांना
बाईंच्या आधी हसणारा.

मी अर्ज पुढे केला.
त्यानं चष्मा पुसला. “परीक्षा द्यावी लागेल?”
लागेल, म्हटलं.
तो बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला,
तिथं काही नव्हतं. म्हणजे गवत होतं.
मग लिहायला बसला.
‘अडीअडचणीला कुणाला कळवावं’ या रकान्यात बायकोचं नाव,
तिला जाऊन सहा वर्षं झाली.
मी खोडलं नाही.
‘शिक्षणाचा उद्देश’ या रकान्यात
एकच शब्द: दगड.

डिसेंबरात निकाल लागला.
अकरा वर्षं ऐकून त्याला ‘ड’ मिळाला.
बाईंनी अर्धा गुणही वाढवला नाही,
त्यानंही मागितला नाही.
गुणपत्रिका ट्रकच्या काचेला आतून चिकटवली
आणि आठवडाभर गावातून अगदी हळू गाडी चालवली.

जानेवारीत पुन्हा तिसऱ्या रांगेत. पुन्हा बिननावाचा.
“आता नीट ऐकतो,” म्हणाला,
“परीक्षेच्या धास्तीनं मागच्या खेपेला अर्धं निसटलं.”

मी परिचयात लिहिलं: विद्यार्थी नऊशे.
पान अर्धं कोरं राहिलं, तसंच पाठवलं.
पुढची मोजणी एप्रिलात.
एक कोरा अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
डब्यांच्या यादीखाली.